दम सरायच्या आधी

वाक्य संपलं, पण त्याचं शेवटचं अक्षर काही संपेना. हिरानं कागदावरून मान वर केली. आपलं तोंड मिटलेलं आहे ना, याची तिनं ओठांवर बोट ठेवून खात्री करून घेतली. साठी उलटली की माणूस असल्या गोष्टींचीही खात्री करून घेतो. तोंड मिटलेलंच होतं. आणि तरी ‘धरणारा’मधला तो शेवटचा ‘आ’ खोलीत होता, वर जात नव्हता, खाली येत नव्हता, आणि तो येत होता खिडकीखालच्या पलंगावरून, जिथं तिचे वडील बाबुराव रामटेके, नव्वदीला टेकलेले, भिंतीकडे तोंड करून पडले होते. मग तोही विरला. खाली आळंदी रोडला लागणाऱ्या गल्लीत कुणीतरी टेम्पो मागे घेत होतं, त्याची पिपाणी ऐकू आली नि सकाळ पुन्हा रोजच्यासारखी झाली. हिराला मात्र काही केल्या पुढचं वाक्य दिसेना.

तसं तिचं काम बिनआवाजाचं. सदाशिव पेठेत एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर संगीतकोशाचं कार्यालय होतं, तिथं ती अर्धं आयुष्य शब्दांच्या नोंदी लिहीत आली होती. पण कोशाच्या संपादक पद्मजाताई यांचा एक दंडक होता. कुठलीही नोंद छापायला जाण्याआधी मोठ्यानं वाचायची, सावकाश, खड्या आवाजात, प्रत्येक वाक्याच्या शेवटी थांबून. डोळे लबाड असतात, नसलेलं वाचतात, कान बिचारे भोळे, असं त्यांचं म्हणणं. म्हणून बाबा अंथरुणाला खिळल्यापासून हिरा सकाळी त्यांच्या उशाशी खुर्ची ओढायची आणि वाचायची. तेवढीच त्यांना सोबत, आणि आपलं कामही. सध्या हाती होते मध्ययुगातल्या देवाच्या गाण्यांचे शब्द, इकडचे आणि तिकडचे, युरोपातलेही. ओवी, ओवण्यावरून. अभंग, न तुटणारा. तिकडचा मोटेट, म्हणजे फ्रेंचमध्ये नुसता ‘छोटा शब्द’. ऑर्गनम, एका गळ्यावर दुसरा गळा रचायची जुनी रीत, म्हणजे मुळात अवजार. माणसाच्या गळ्याला अवजाराचं नाव का दिलं असेल, यावर तिचे दोन दिवस गेले होते. आणि आज टेनर. ‘मूळ लॅटिन धातूचा अर्थ धरणे. चर्चमधल्या जुन्या समूहगायनात बाकीचे आवाज वर खेळत असताना मूळ स्तोत्राचा एकेक सूर लांबवून ठेवणारा तो टेनर, म्हणजे धरणारा.’ एवढं वाचून ती थांबली होती. आणि बाबांनी ते धरलं होतं. की नव्हतं?

कारण बाबा कण्हतात, हे घरात ठरून गेलेलं होतं. दिवाळीनंतर त्यांचं बोलणं आटत गेलं आणि मग बंदच झालं. हाडांपर्यंत आजार पोचला होता, आता काही करण्यासारखं उरलं नव्हतं, फक्त त्रास होऊ द्यायचा नाही एवढंच. ते कण्हायला लागले तेव्हा पहिल्यांदा डॉक्टरांना फोन हिरानंच केला होता. थेंब सुरू झाले, सकाळ-संध्याकाळ. तरी कण्हणं थांबलं नाही. काल डॉक्टर फोनवर म्हणाले, आता जास्त ताकदीचं देऊ, पण त्यानं ते बहुतेक झोपूनच राहतील, खाणंपिणंही सुटेल, तेव्हा नीट विचार करा. आणि मग ते वाक्य, जे हिराच्या घशात काल रात्रीपासून माशाच्या काट्यासारखं अडकलं होतं: “तुम्ही दिवसभर जवळ असता. दुखतंय की नाही, तुम्हीच सांगा.” धाकटा भाऊ प्रज्ञेश संध्याकाळी ऑफिसातून येताना ते औषध घेऊनच येणार होता. तो सरकारी खात्यात वरच्या हुद्द्यावर, एकदा फाइलीवर शेरा पडला की पडला.

“ताई, आज सकाळपास्नंच सुरू हाय त्यांचं,” बाबांना सांभाळायला येणाऱ्या सुशीलाबाई दारात येऊन म्हणाल्या. “थेंब देऊ का?”

“थांबा जरा,” हिरा म्हणाली, आणि कशासाठी थांबा ते तिचं तिलाच कळलं नाही. तिनं पुन्हा कागद उचलला. मोटेटची नोंद वाचली, मुद्दाम त्याच आवाजात. ‘एकाच वेळी दोन निरनिराळ्या रचना दोन आवाज गात, खाली लॅटिन स्तोत्र, वर चक्क फ्रेंच प्रेमगीत, आणि ऐकणाऱ्याला दोन्ही कळत नसत.’ थांबली. पलंगावरून काहीच नाही. मग ऑर्गनम वाचलं. काही नाही. ती उठायला गेली नि तेवढ्यात, कुणी काही वाचत नसताना, बाबांच्या छातीतून तो आवाज आला, लांब, बारीक, आणि हे तर साधं कण्हणंच होतं, कुणीही सांगेल. हिरा परत बसली. “बाबा, दुखतंय का?” तिनं विचारलं. रोज विचारायची. बाबा रोजच्यासारखे भिंतीकडे बघत राहिले.

तिला स्वतःचा राग आला. शब्दांच्या मागे लागून लागून आपलं डोकं फिरलंय, दिसेल त्याला आपण अर्थ चिकटवतो. हाडं दुखणाऱ्या माणसाच्या तोंडून ‘आ’ नाही निघणार तर काय निघणार? आणि समजा, आपण म्हटलं की हे कण्हणं नव्हे, औषध नको, आणि ते कण्हणंच असलं, तर? एका शब्दाच्या हौसेपायी बापाला दुखत ठेवणारी लेक. आणि समजा, आपण म्हटलं की हो, दुखतंय, द्या, आणि ते कण्हणं नसलंच, तर एवढ्या वर्षांनी सुरासाठी तोंड उघडलेल्या माणसाचं तोंड आपणच बंद केलेलं असेल. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, तशातली गत. पण एक गोष्ट तिच्या कानातून जाईना. तो पहिला ‘आ’ तिच्या आवाजाच्याच पट्टीत होता. तिनं शब्द सोडला त्याच जागेवर तो उचललेला होता, मध्ये केसभरही फट न ठेवता. कण्हणारा माणूस फट बघून कण्हत नाही.

फट. हा शब्द कुठून आला? बाबांकडूनच. हिरा तेव्हा आठवी-नववीत असेल, खडकीच्या फॅक्टरीच्या क्वार्टर्समध्ये राहायचे ते. शाळेच्या समूहगीतात तिला घेतलं होतं आणि घरात तिची तालीम चालली होती. एका लांब ओळीशी तिचा श्वास तुटायचा, पुन्हा तुटायचा. बाबा सेकंड शिफ्टला जायला निघाले होते, डबा सायकलला अडकवत होते. ते आत आले आणि त्यांच्या भंडाऱ्याकडच्या बोलीत म्हणाले, “एकटीनं कायले ओढतं? दम सरते असं वाटलं का बाजूच्याकडं पाहाचं. सराच्या आंधीच पाहाचं. तो उचलते. फट नाई पडली पायजे.” तिनं विचारलं, तुम्हाला काय माहीत? बाबांचा चेहरा एकदम दार लावून घेतल्यासारखा झाला. “आम्ही मांगं राहो ना भजनात,” एवढं म्हणाले नि सायकल काढून गेले. आई, सुंदराबाई, चुलीपाशी होती. ती म्हणाली, त्यांना त्यातलं काही विचारू नको, सोडलंय त्यांनी ते. पुढचं तिनं तुकड्यातुकड्यांत सांगितलं, कितीतरी वर्षांत मिळून.

ते असं, की गावात वस्तीचं स्वतःचं भजनी मंडळ होतं. देवळात कुणी घेत नव्हतं, म्हणून देवळाबाहेर, आपल्याच वस्तीत. बाबांचा चुलतभाऊ संभाजी पुढे खंजिरी घेऊन उभा राहायचा, ओळ टाकायचा, आणि बाबा मागच्यांत. मागच्यांचं काम एवढंच की पुढच्यानं सोडलेली ओळ खाली पडू द्यायची नाही. मागचा कधी सुरुवात करत नाही. मागच्याला अख्खं गाणं येतं, पण पहिला शब्द कुणीतरी द्यावा लागतो. विसाव्या वर्षी बाबा वस्तीबरोबर नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले. परत आल्यावर घराघरातले देव निघाले, आणि मंडळाचे टाळही वैनगंगेत सोडले. बाबांनी आपल्या हातानं सोडले, हसत हसत, आई सांगायची. पाण्यात पडताना ते वाजलेसुद्धा नाहीत. पुढे संभाजीनं बाबासाहेबांची गाणी म्हणायला सुरुवात केली, गावोगाव नाव झालं त्याचं, तो बाबांना बोलवायला पुण्यापर्यंत आला. बाबा गेले नाहीत. कॉलनीतल्या जयंतीलाही ते समोर बसून टाळ्या वाजवायचे, अगदी ठेक्यात, पण ओठ मिटलेले. का? गाणं देवाचं होतं म्हणून सोडलं असेल, तर हे तर देवाचं नव्हतं. हिराला हे कधीच कळलं नव्हतं. अभंग कुठून आला, हे लोकांना समजावून सांगण्यात तिचा जन्म गेला, आणि आपल्या बापाचं गाणं कुठं गेलं ते तिला सांगता येत नव्हतं. याची तिला आज लाज वाटली.

कार्यालयात जाणं टाळता आलं असतं, पण नोंदी आज द्यायच्या कबूल केल्या होत्या, आणि खरं म्हणजे त्या खोलीतून तिला जरा पळायचं होतं. स्कूटर काढून ती निघाली. सिग्नलला एक मुलगी फोनवर बोलत होती, शेवटचा शब्द लांबवत, “अरे यारऽऽ”, आणि हिरा त्या ‘आ’च्या मागे कुणी येतंय का म्हणून वाट बघत राहिली. मागच्यांनी हॉर्न वाजवले. संगम पुलावरून नदी दिसली, जिच्यात काही सोडावं असं पाणीच उरलेलं नव्हतं. सदाशिव पेठेत स्कूटर लावायला जागा मिळेपर्यंत दोन चकरा झाल्या. जिन्यात दवाखान्याच्या औषधाचा वास आणि वरून क्लासच्या पोरांचा गलका. पद्मजाताई टेबलापाशी डोळे मिटून बसल्या होत्या; त्या तशाच ऐकायच्या. सत्तरी ओलांडलेल्या, पांढरी साडी, आणि जिभेला धार अशी की पेन्सिलीला टोक करून घ्यावं.

“वाच,” त्या म्हणाल्या. “आणि कालच्यासारखे दर ओळीला ‘असावा’ नकोत. असावा, नसावा हे लग्न जमवणाऱ्यांनी म्हणावं.”

हिरानं वाचलं. टेनरपाशी आली, ‘धरणारा’ म्हणाली नि थांबली. कार्यालयात पंख्याची घरघर होती. बाकी काहीच नव्हतं. शब्द तिच्या तोंडून सुटला आणि टेबलावर न टेकताच कुठंतरी खाली गेला, असं तिला अगदी स्वच्छ जाणवलं. इतकी वर्षं ती इथं शब्द सोडत आली होती आणि ते असेच पडत आले होते, आणि तिला वाटत होतं की यालाच पूर्णविराम म्हणतात.

“थांबलीस का?” पद्मजाताईंनी डोळे न उघडता विचारलं. “पूर्णविराम एवढा मोठा नसतो.”

“पद्मजाताई, धृपदाच्या नोंदीत एक ओळ घालायची होती,” हिरा म्हणाली. “ध्रुवपद, न हलणारं पद, दर कडव्यानंतर परत येणारं, एवढं आपण दिलंय. पण ते पद मागचे लोक धरतात. पुढच्याचा श्वास संपायच्या आधी उचलतात. ते नोंदीत कुठेच नाही.”

“आधार?”

“घरी आहेत. म्हणजे… बोलत नाहीत ते आता.”

पद्मजाताईंनी डोळे उघडले. त्यांना बाबांचं माहीत होतं. कुणी दुसरं असतं तर ‘अरेरे’ म्हणालं असतं. त्या म्हणाल्या, “मग अनिश्चित लिही. अनिश्चित म्हणजे काही नापास नव्हे. कोशात निम्मे शब्द अनिश्चित आहेत, आणि तरी लोक ते बिनदिक्कत वापरतात.” मग कागद ओढून घेत जरा वेळानं, “तू घरी जा. उरलेलं मी बघते. जाताना पंखा एकवर कर, उडतंय सगळं.” एवढी माया पद्मजाताईंनी केल्याचं हिराला आठवत नव्हतं.

दुपारी ती परतली तेव्हा सुशीलाबाई खाली दूध आणायला गेल्या होत्या. घरात ती आणि बाबा, दोघंच. तिनं खुर्ची ओढली. सकाळी मोटेट ऐकून बाबा गप्प राहिले होते, तेव्हा नुसतं वाचून भागणार नाही. ओळ टाकायला हवी, संभाजीकाकासारखी, आणि बघायचं. पण कोणती? तिनं आधी बुद्धवंदना म्हटली. बाबांचे हात पांघरुणाखालून सावकाश निघाले आणि जुळले, ओठ हलले, शब्दाला शब्द. पण सूर नाही. वंदनेत पुढचा-मागचा कुणी नसतोच, सगळे बरोबरीनं म्हणतात, तिथं काय धरणार? आणि तिला एक विचार शिवून गेला, की म्हणूनच तर ती त्यांनी इतकी मनापासून घेतली होती, की तिथं मागे उभं राहावं लागत नाही. मग लगेच वाटलं, की म्हणूनच तर त्यांचं काहीतरी कायमचं राहून गेलं. दोन्ही खरं कसं असेल? दोन्ही खरं वाटत होतं. मोटेटसारखं, खाली एक नि वर एक.

उरला अभंग. तिला शेकड्यांनी ओळी येत होत्या, कोशाच्या कामानं पाठ झालेल्या, देवाच्या नावानं ओथंबलेल्या. एक ओळ जिभेवर आलीसुद्धा. तोंड उघडून ती तशीच बसली. समोर भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर, तिची काच कालच बाबांच्या सवयीप्रमाणे सुशीलाबाईंनी ओल्या फडक्यानं पुसली होती. ज्या नावाच्या दारात या माणसाला उभं केलं नाही, ते नाव आता, तो पडलेला असताना, नाही म्हणायचं बळ नसताना, आपण त्याच्या कानात घालायचं? आणि त्यानं सवयीनं उचललंच, तर ते कशाचा पुरावा म्हणून घेऊन फिरायचं आपण? तिनं तोंड मिटलं. रडू आलं तिला, आणि रडताना असं वाटलं की आपल्या घरात बापाला देण्यासारखी एक ओळसुद्धा नाही.

प्रज्ञेश आला तो हातात औषधाची बाटली घेऊनच. बूट काढता काढता म्हणाला, “डॉक्टर म्हणाले आजपासूनच सुरू करा. आहेत का जागे?”

“प्रज्ञेश, मला वाटतं ते कण्हत नाहीयेत,” हिरा म्हणाली. “नेहमीच नाही. सकाळी मी वाचताना त्यांनी शेवटचा शब्द धरला. भजनात धरतात तसा.”

प्रज्ञेशनं तिच्याकडे, कुणी चुकीच्या खिडकीवर अर्ज घेऊन आल्यावर बघतात तसं बघितलं. “ताई, तू दमलीयस.”

“दमलेय. तरी ऐकलंय.”

“आणि समजा धरला. मग? उद्या तू म्हणशील, शेवटी बाबांना देव आठवला. आजूबाजूचे म्हणायला टपलेलेच आहेत.” त्याचा आवाज चढला नाही, तो कधीच चढवत नसे. “बाबांनी टाळ नदीत सोडले ते कशासाठी? म्हातारपणी आपण बुडी मारून काढून द्यावेत म्हणून?”

“मी देवाचं काही म्हटलं नाही त्यांच्यापाशी,” हिरा म्हणाली. “म्हणणार होते. नाही म्हटलं.”

पलंगावरून तो आवाज आला, लांब, बारीक. प्रज्ञेशचा चेहरा आक्रसला. “हे ऐकवतं तुला?” तो म्हणाला. “मला नाही ऐकवत. आठ दिवस मी इथं येऊन बाहेरच्या खोलीत बसतो, तुझ्या लक्षात तरी आलंय का? दुखतंय गं त्यांना.”

“एकदाच वाचते. तुझ्यासमोर. मग तू म्हणशील ते.”

तो उभाच राहिला, दाराला टेकून, बाटली हातात धरून. हिरानं टेनरचा कागद घेतला. सकाळी काय वेगळं होतं? सकाळी ती बाबांची परीक्षा घेत नव्हती, एवढंच. ती नोंद तपासत होती, बापाला नव्हे. तिनं आवाज सोडला, पद्मजाताईंना आवडेल तसा, सावकाश, खडा. ‘बाकीचे आवाज वर खेळत असताना मूळ स्तोत्राचा एकेक सूर लांबवून ठेवणारा तो टेनर, म्हणजे धरणारा.’

आणि बाबांनी धरलं. फट न पडू देता, तिच्याच पट्टीत, जिथं तिनं सोडलं अगदी तिथून. घोगरा, कापरा, पण हलत नव्हता. हिरानं प्रज्ञेशकडे बघितलं नाही. बाबांचा श्वास संपत आला तशी तिनं पुढची ओळ टाकली, धृपदाची, कागदावर नसलेली, मनानंच, ‘धृपद म्हणजे न हलणारं पद, ते मागचे धरतात, आणि पुढचा कुठंही भटकून आला तरी त्याला परत यायला जागा राहते तिथं,’ आणि त्यांनी तोही ‘तिथं’ उचलला. दारापाशी प्रज्ञेश हातातल्या बाटलीचं झाकण बोटानं ठेका धरल्यासारखं वाजवत होता. त्याला ते ठाऊक नव्हतं. हिराला आणखी एक ओळ टाकायची होती. पण तोंड उघडलं आणि त्यातून काही निघेना. बाबांचा सूर एकटाच पुढे गेला, ताणला गेला, आणि तुटला.

बाबांनी मान वळवली. भिंतीकडची मान, कितीतरी दिवसांत पहिल्यांदा, या बाजूला. डोळे तिच्यावर आले.

“काहून थांबली वं?” ते म्हणाले. आणि मग, श्वास गोळा करून, “तू थांबली का मले दुखते.”

दुखतंय की नाही, तुम्हीच सांगा. सकाळपासून ती दोन पारड्यांत दोन गोष्टी घालून बसली होती, एक तरी खाली जाईल म्हणून, आणि बाबांनी तराजूच उचलून बाजूला ठेवला होता. दुखत होतं. दिवाळीपासून दुखत होतं. आणि ते धरत होते, दुखण्यासकट, कुणी ओळ टाकील तिला धरत होते, आणि कुणी टाकली नाही की मग जे निघायचं ते आपण कण्हणं म्हणून लिहून टाकलं होतं. ती प्रज्ञेशला म्हणाली, “दे औषध.” तो जागचा हलेना. आता त्यालाच नको होतं. “दे,” ती म्हणाली. “त्यांनी सांगितलंय.” तिनं स्वतःच्या हातानं थेंब बाबांच्या जिभेखाली सोडले, ओठ पुसले, उशी सारखी केली, खुर्ची जवळ ओढली आणि वाचायला लागली. ओवी, ओवण्यावरून. अभंग, न तुटणारा. त्यात देव नव्हता, नुसत्या नोंदी होत्या, कोरड्या, कुणीही वाचाव्यात अशा, आणि बाबा एकेकीचं शेपूट उचलून धरत होते. सुशीलाबाई स्वयंपाकघरातून दूध गरम करून घेऊन आल्या आणि दाराशीच थांबल्या. बाहेर उजेड उतरत होता. बाबांचे सूर आता उशिरा येऊ लागले, आखूड होऊ लागले. मध्ये फटी पडू लागल्या. तिला कळत होतं काय होतंय ते. ती ओळी लहान करत गेली, त्यांना जमतील एवढ्या, मग नुसते शब्द, एकेक, छोटे छोटे.

“पद,” ती म्हणाली. बाबांनी तो शब्द घेतला. अगदी हलका, पण घेतला. आणि त्याच्या मध्यावरच त्यांचे डोळे मिटले, जबडा सैल झाला, आणि सूर हातातून निसटायला लागला. हिराला गाता येत नव्हतं. शाळेनंतर तिनं कधी गायलं नव्हतं. तिनं तो तसाच निसटताना उचलला. कसा उचलला ते तिला कळलं नाही. बाबांची छाती शांत वर-खाली होत होती, झोप लागली होती त्यांना, आणि खोलीत आता तिचाच आवाज होता, खालच्या पट्टीत, कापरा, बाबांच्या जागेवर.

“ताई,” प्रज्ञेश हळूच म्हणाला. “झोपले ते. थांब आता.”

तिला थांबता येईना. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते तिनं पुसलं नाही, पुसायला गेलं असतं तर सूर हलला असता. छातीत जळायला लागलं. आता थोडाच उरला होता. सरला नव्हता, पण सरेल असं वाटत होतं. तेव्हा तिनं बाजूला, प्रज्ञेशकडे पाहिलं.